म्हापशाच्या बाजारातील किरायत्याची जुडी : मंदावलेल्या भुकेवरील एका कडू औषधाचे परीक्षण

पावसाळा ओसरू लागला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, गावठी भाजी आणि फुले घेऊन बसणाऱ्या बायकांच्या पुढ्यात, वाळवलेल्या किरायत्याच्या जुड्या दिसू लागतात. भूक मंदावणे, दोन घास खाताच पोट भरल्यासारखे वाटणे, जेवणानंतर तासन्‌तास जडपणा राहणे, तापातून उठल्यावर तोंडाची चव जाणे, अशा तक्रारींवर गोव्यातील अनेक घरांत हे औषध पिढ्यान्‌पिढ्या घेतले जाते. हीच वनस्पती आता चूर्णाच्या डब्यांत आणि कॅप्सूलच्या बाटल्यांतही मिळते. तिन्ही रूपांत ती घेऊन पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, पचनासाठी किरायते घ्यायचे असेल तर बाजारातील अखंड जुडीच घ्यावी. ती स्वस्त आहे हे त्याचे सर्वांत कमी महत्त्वाचे कारण आहे. आपण नेमके काय पोटात घेत आहोत हे जुडीत डोळ्यांनी पाहता येते आणि त्या वनस्पतीचा कडूपणा जिभेला टाळता येत नाही, ही खरी दोन कारणे आहेत.

आधी वस्तूविषयी. मी घेतलेली जुडी हातभर लांबीच्या, मुळासकट उपटून सावलीत वाळवलेल्या रोपांची होती आणि ती केळीच्या वाखाने बांधलेली होती. खोड हिरवट व चौधारी, पाने समोरासमोर आलेली, दोन्ही टोकांना निमुळती आणि वाळल्यामुळे थोडी आकसलेली, मधूनमधून लांबट, टोकदार बोंडे, अशी ती रोपे होती. चांगल्या जुडीची खूण म्हणजे तिच्यावर टिकून राहिलेली पाने. या वनस्पतीतील मुख्य कडू द्रव्य, ॲन्ड्रोग्राफोलाइड, खोडापेक्षा पानांत पुष्कळ अधिक असते आणि फुलोऱ्याच्या सुमारास त्याचे प्रमाण सर्वांत जास्त भरते, त्यामुळे नुसत्या काड्या उरलेली जुडी कितीही जाड दिसली तरी औषध म्हणून ती निम्म्याहून कमी मोलाची असते. विक्रेत्या मावशींनी जुडी हातात देण्यापूर्वीच ती उलटसुलट करून दाखवली आणि ‘पानां नासल्यार जुडी घेवंची न्हय, बाय’ (पाने नसतील तर जुडी घेऊ नये) असे आपणहून सांगितले. रसायनशास्त्राचा आणि बाजारातील अनुभवाचा निवाडा इथे एकच आहे, आणि तो विकणाऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळावा याचे मला विशेष वाटले.

पानांचा रंग मळकट हिरवा असावा. काळपट पडलेली पाने म्हणजे रोपे ओली असतानाच ढिगाने ठेवली गेली, असा अर्थ होतो. गोव्याच्या दमट हवेत हा धोका नेहमीचाच आहे, म्हणून जुडी नाकाशी धरून पाहावी. चांगल्या किरायत्याला वास जवळजवळ नसतो आणि कुबट वास आला तर ती जुडी सोडून द्यावी. एक पान चिमटीत चुरडून जिभेच्या टोकावर ठेवणे ही शेवटची परीक्षा आहे. कडूपणा क्षणभराने येतो, पण आला की घशापर्यंत पसरतो आणि पाणी पिऊनही बराच वेळ जात नाही.

आता ओळखीचा मुद्दा, जो मला या सबंध परीक्षणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाजारात ‘चिराईत’ या एका नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. आपल्याकडे माळरानावर, कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेला आणि परसात पावसाबरोबर उगवते ते किरायते म्हणजे ॲन्ड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा. मराठीत त्याला ओले किराईत किंवा पाले किराईत म्हणतात आणि आयुर्वेदीय औषधांच्या दुकानात ते बहुधा काळमेघ या नावाने मिळते. ते अडुळशाच्या कुळातले आहे. काडेचिराईत, ग्रंथांतील किराततिक्त, ही मात्र हिमालयातील वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव स्वर्शिया चिरायिता असून काश्मीरपासून नेपाळ-भूतानपर्यंतच्या थंड डोंगरउतारांवर ती वाढते, आणि युरोपात कडू पाचक म्हणून प्रसिद्ध असलेल्या जेन्शनच्या कुळात तिची गणना होते. तिच्यातील अमारोजेन्टिन हे निसर्गातील सर्वाधिक कडू ज्ञात द्रव्यांपैकी एक असून ५ कोटी ८० लाख पट पातळ केल्यावरही त्याचा कडवटपणा जिभेला कळतो, असे मोजमाप नोंदलेले आहे. ब्रिटिशांच्या काळात या हिमालयी चिराइताची कीर्ती इतकी झाली की १८३९ मध्ये एडिंबरोच्या औषधकोशात त्याचा समावेश झाला. सुदर्शन चूर्ण ज्यांच्या घरात आहे त्यांनी हेही जाणून घ्यावे की, त्या चूर्णातील इतर सर्व द्रव्यांच्या एकत्रित वजनाच्या निम्मे चिराईत एकट्याने घालावे, असा पारंपरिक पाठ आहे.

काडेचिराईत महाग आहे आणि रानातून बेसुमार उपटले गेल्याने दुर्मीळ होत चालले आहे, म्हणून त्याच्या नावाखाली पाले किराईत खपवण्याचा प्रकार व्यापारात जुना आहे. अखंड रोप हातात असेल तर फसगत होणे कठीण असते. हिमालयी चिराइताची काडी तपकिरी-जांभळट आणि खालच्या भागात गोल असते, तिच्या आत पिवळसर, सहज सुटा होणारा गाभा असतो आणि पाने थोडीच असतात. आपल्या किरायत्याचे खोड हिरवे व चौधारी असून रोप पानांनी भरलेले असते. हा भेद शाळकरी मुलालाही दाखवता येईल. भुकटी झाल्यावर मात्र दोन्ही हिरवट-तपकिरी आणि दोन्ही कडू, त्यामुळे सूक्ष्मदर्शक आणि रासायनिक चाचणीवाचून काही सांगता येत नाही. दोन्ही वनस्पती पचनासाठी वापरल्या जातात हे खरे, परंतु त्यांची द्रव्ये वेगळी आहेत आणि घ्यावयाची काळजीही वेगळी आहे. एकीचे पैसे घेऊन दुसरी देणे ही औषधाच्या बाबतीत क्षुल्लक गोष्ट मानता येणार नाही.

चूर्णाचा माझा अनुभव नेमका याच ठिकाणी अडला. शहरातील एका दुकानातून घेतलेल्या डबीवर मोठ्या अक्षरांत ‘चिरायता’ लिहिले होते, खालच्या बारीक मजकुरात मात्र शास्त्रीय नावच नव्हते आणि वनस्पतीचा कोणता भाग वापरला आहे याचाही उल्लेख नव्हता. दुकानदाराला विचारले असता दोन्ही एकच, असे उत्तर मिळाले. चूर्ण कडू होते, पण त्यात वाळलेल्या काडीचा तुसाळपणा इतका होता की पाने किती आणि खोड किती याचा अंदाज करता येईना. दुसऱ्या एका उत्पादकाच्या चूर्णावर शास्त्रीय नाव, वापरलेला भाग, परवाना क्रमांक आणि उत्पादनाची तारीख हे सारे व्यवस्थित छापलेले होते, तेव्हा सगळीच चूर्णे टाकाऊ आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्यांना बाजार गाठणे शक्य नाही त्यांनी अशी पूर्ण माहिती छापलेली डबीच घ्यावी, एवढे निश्चित सांगता येते.

कॅप्सूलविषयीचा माझा आक्षेप वेगळा आहे. काही कॅप्सूलवर ॲन्ड्रोग्राफोलाइडचे प्रमाण छापलेले असते, म्हणजे मात्रेच्या नेमकेपणात ती जुडीपेक्षा निश्चितच सरस ठरते. परंतु भूक मंदावल्याच्या तक्रारीवर कडू औषध ज्या मार्गाने काम करते, त्याची सुरुवात जिभेपासून होते, आणि कॅप्सूल नेमका तोच भाग वगळते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहा रसांचे वर्णन करताना तिक्त, म्हणजे कडू, रस स्वतः रुचकर नसतानाही अरुची नाहीशी करतो असे सांगितले आहे, आणि त्याच्या गुणांत दीपन (भूक वाढवणे), पाचन व कृमिनाशन यांचा समावेश केला आहे. आजचे शरीरशास्त्र त्याचे स्पष्टीकरण आपल्या परिभाषेत देते. माणसाच्या शरीरात कडू चव ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) आहेत. ते जिभेवर असतात, तसेच जठर व आतड्यांच्या अस्तरातही आढळतात. जिभेला कडू लागताच लाळ सुटते आणि मेंदूकडून जठराकडे जाणाऱ्या मज्जातंतूंमार्फत पाचक रस पाझरण्याची तयारी होते. युरोपातील जेवणापूर्वीच्या कडू पेयांची प्रथाही याच तत्त्वावर उभी आहे. आतड्यांतील ग्राहकांवर कॅप्सूलचा परिणाम होत असेलच, परंतु पहिली पायरी गाळून औषध घेण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. कडूपणाचा त्रास होतो म्हणून कॅप्सूल घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, या औषधात कडूपणा हाच कामाचा मोठा भाग आहे.

जुडी वापरण्याची माझी रीत साधी आहे. पाने आणि कोवळ्या काड्या हाताने चुरून त्यातील चहाचा एक चमचा चुरा पेलाभर पाण्यात रात्री भिजत घालायचा, सकाळी पातळ फडक्यातून गाळायचा आणि जेवणाच्या अर्धा तास आधी त्यातील दोन-तीन घोट सावकाश प्यायचे. आयुर्वेदात या कल्पनेला हिम म्हणतात. मध्ययुगीन आयुर्वेद-ग्रंथकार शार्ङ्गधराच्या पाठात एका भाग द्रव्याला सहा भाग थंड पाणी सांगितले आहे, आणि त्या मानाने माझे पाणी पुष्कळच पातळ असते. नुसत्या भूक मंदावण्यासाठी तेवढे पुरते, असा अनुभव आहे. उकळून आटवलेला काढा आमच्याकडे तापाच्या वेळी करतात. तो इतका तीव्र होतो की पोट आधीच नाजूक असलेल्यांना मळमळ होते, म्हणून पचनासाठी तो मी सुचवणार नाही. गूळ किंवा मध घालून कडूपणा झाकण्याचा मोह टाळावा, याचे कारण वर आलेच आहे. काडेचिराइताच्या चूर्णाची मात्रा आयुर्वेदीय औषधकोशात १ ते ३ ग्रॅम दिलेली आहे. किरायत्याच्या बाबतीतही घरगुती वापर त्याच्या खालच्या टोकाशीच ठेवणे बरे.

परिणाम कोणता दिसला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गोव्यातील पावसाळा पोटाची परीक्षा घेणारा असतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, ताटात सुके बांगडे, गालमो (सुकी बारीक कोळंबी) आणि खारवलेले पदार्थ येतात, सतत पडणाऱ्या पावसामुळे घराबाहेर चालणे-फिरणे घटते, आणि त्यानंतर लगेच चतुर्थी येते, नेवऱ्या आणि पातोळ्या घेऊन. वर्षा ऋतूत अग्नी मंद होतो हे आयुर्वेदाचे निरीक्षण इथल्या कोणत्याही घरात पडताळून पाहता येते. अशा दिवसांत किरायत्याचे पाणी घेतल्यावर जेवणाच्या वेळी भूक लागू लागली, जेवणानंतरचा जडपणा कमी झाला आणि जिभेवरचा पांढरट थर निवळला. हा फरक पहिल्याच घोटाला दिसला नाही, आठवडाभरात हळूहळू जाणवू लागला. घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीला दीर्घ तापानंतर उकड्या तांदळाची पेजही नकोशी झाली होती, तिला वैद्यांच्या सल्ल्याने हेच पाणी दिले आणि तिची अन्नावरची वासना परत आली. या दोन्ही प्रसंगी आहारही हलका ठेवला होता, त्यामुळे सगळे श्रेय किरायत्याला देणे योग्य होणार नाही.

जिथे त्याचा उपयोग नाही तेही तितक्याच स्पष्टपणे मांडले पाहिजे. छातीत जळजळ, आंबट ढेकर, उपाशीपोटी दुखणे अशा तक्रारींत किरायते घेऊ नये. जे औषध जठरातील स्राव वाढवते ते आम्ल आधीच अधिक असलेल्या पोटाला त्रासच देणार, आणि जठरात वा आतड्याच्या सुरुवातीच्या भागात व्रण असेल तर ते हानिकारकही ठरू शकते. ‘पोटाचे औषध’ एवढ्या एका शब्दाखाली भूक न लागणे आणि पित्त होणे या दोन जवळजवळ विरुद्ध तक्रारी एकत्र टाकल्या जातात आणि शेजाऱ्याने सांगितले म्हणून किरायते घेतले जाते, ही मला काळजीची गोष्ट वाटते. जुलाब आणि आव यांसाठीही ते पहिले औषध नव्हे. त्यासाठी आपल्याकडे कुड्याची साल आहे. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यांनी अतिसारावरील एका मलबारी झाडाचे वर्णन केले आहे, ते कुड्याचेच असावे असे अभ्यासक मानतात. बाजारात या दोन्ही वस्तू बऱ्याचदा शेजारीशेजारी असतात, पण त्यांचे काम वेगळे आहे.

लहान मुलांच्या पोटदुखीवर आणि जंतांवर किरायते देण्याची प्रथा जुनी आहे. बंगालमध्ये तर काळमेघाच्या पानांचा रस वेलची, लवंग, दालचिनी यांच्याबरोबर वाळवून ‘आलुई’ नावाच्या बारीक गोळ्या करतात आणि पोट बिघडलेल्या तान्ह्या मुलांना देतात. प्रथा म्हणून तिच्याविषयी आदर बाळगूनही मी असे म्हणेन की, आज मुलांना हे औषध वैद्यांना विचारल्यावाचून देऊ नये.

आधुनिक संशोधनाकडे पाहिले तर चित्र संमिश्र आहे. ॲन्ड्रोग्राफोलाइड १९११ मध्ये गॉर्टर या रसायनशास्त्रज्ञाने वेगळे केले, आणि तेव्हापासून या वनस्पतीवर पुष्कळ काम झाले आहे, त्यातील बरेच प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर झालेले आहे. आतड्याला सूज व व्रण असलेल्या अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजाराच्या २२४ रुग्णांवर तिच्या अर्काची आठ आठवड्यांची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज १,८०० मिलिग्रॅम अर्क घेणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांना उतार पडला, तर औषधरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ४० टक्के होते. परंतु त्यापुढील, अधिक मोठी चाचणी अपेक्षित लाभ दिसण्याची चिन्हे नसल्याने २०१४ मध्ये थांबवण्यात आली. पहिल्या चाचणीचे आकडे जाहिरातींत दिसतात आणि दुसरीचा उल्लेख होत नाही, म्हणून दोन्ही इथे नोंदवत आहे. शिवाय तो अर्क तीव्र केलेला होता, त्या चाचणीवरून घरातील भिजवलेल्या पाण्याविषयी अनुकूल वा प्रतिकूल काहीही सिद्ध होत नाही.

गरोदर स्त्रियांनी किरायते मुळीच घेऊ नये. मधुमेहावरील गोळ्या घेणाऱ्यांची साखर त्यामुळे अधिक खाली जाऊ शकते. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय त्याला हात लावू नये. क्वचित काहींना या वनस्पतीची तीव्र ॲलर्जी होते, ऑस्ट्रेलियाच्या औषध-नियामक संस्थेने त्याबद्दल जाहीर इशारा दिलेला आहे. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास लागणे यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे. भूक न लागण्याबरोबर वजन घटत असेल, शौचावाटे रक्त जात असेल, डोळे पिवळे दिसत असतील किंवा घास गिळताना अडत असेल, तर किरायत्याच्या पाण्यात वेळ घालवणे धोक्याचे आहे. केवळ सल्ला हवा असेल तर गोव्यात त्याची सोय चांगली आहे. शिरोड्याला गोमंतक आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि धारगळला डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेली अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आहे. जुडी सोबत नेऊन दाखवली तर वनस्पतीची ओळखही तिथे पटवून घेता येईल.

जुडीच्या उणिवा लपवण्याचे कारण नाही. तिच्यावर तारीख नसते, मात्रा अंदाजाने घ्यावी लागते, मुळांना चिकटलेली माती झटकून आणि धुऊन काढावी लागते, आणि एका जुडीचा कडूपणा दुसरीशी जुळेलच असे नसते. प्रवासात ती निरुपयोगी आहे. ज्यांना रोज ठरावीक प्रमाणात औषध घेण्यास वैद्यांनी सांगितले आहे त्यांना चांगल्या उत्पादकाचे चूर्णच अधिक सोयीचे पडेल. किमतीच्या बाबतीत मात्र तुलनाच नाही, कारण चहा आणि भाजी-पावाला लागतात तेवढ्या पैशांत आलेली जुडी सबंध ऋतूभर पुरते.

घरी आणल्यावर ती एक-दोन दिवस वाऱ्यावर टांगावी, पाने कडकडीत झाली की चुरून काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून अंधारात ठेवावी आणि पुढचा पावसाळा संपून नवे पीक आले की जुना साठा टाकून द्यावा. ज्यांच्याकडे परसात थोडी जागा आहे त्यांनी बोंडांतील पिवळसर-तपकिरी बी वेगळे काढून ठेवावे आणि पहिल्या पावसानंतर मातीवर भुरभुरावे, कारण हे रोप फारशी निगा मागत नाही. खरेदीसाठी चतुर्थीनंतर लगेच जाण्याची घाई करू नये. तेव्हा मिळणारी रोपे बहुधा ओलसर असतात, ऑक्टोबर संपता संपता येणारी जुडी पुरती फुललेली, नीट वाळलेली आणि पानांनी भरलेली मिळते.